जहाज आपलं, ड्रॉइंग कुणाचं?

२३ जुलै २०२४ रोजी, ऐन पावसाळ्यात, वास्कोच्या गोदीत ‘त्रिपुट’ ही युद्धनौका पाण्यात उतरली. २२ मार्च २०२५ रोजी तिच्या पाठोपाठ ‘तवस्य’. एकीला बाणाचं नाव, दुसरीला भीमाच्या गदेचं. लांबी १२४.८ मीटर, रुंदी १५.२ मीटर, वजन सुमारे ३,६०० टन. गोवा शिपयार्डने आजवर गस्ती नौका पुष्कळ बांधल्या, पण फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, बांधायची ही पहिलीच वेळ. त्या दोन्ही दिवशी आमच्या वाड्यावर वेगळाच उत्साह होता. कुणाचा भाऊ तिथे वेल्डर, कुणाचा जावई पाइप फिटर, कुणाची मुलगी क्वालिटीत. टीव्हीवर त्या फुलांच्या माळा आणि तो भलामोठा करडा सांगाडा बघताना माझेही डोळे भरून आले.

पण ज्याचा सगळा जन्म सुट्या भागांत गेला, त्याला जहाज बघितलं की आतलंच दिसू लागतं. माझे वडील कुठ्ठाळीला बार्जच्या, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटींच्या, वर्कशॉपात फिटर होते. माझं वेर्ण्याला छोटं वर्कशॉप आहे: तीन लेथ, एक मिलिंग मशीन, एक जुनं शेपर. त्यामुळे मला त्रिपुटच्या पोटातले पंप दिसतात, व्हॉल्व्ह दिसतात, शेकडो मीटर पाइप, त्यांच्या फ्लँजा, गॅस्केट, बेअरिंग, बुश. यातलं प्रत्येक कधी ना कधी झिजणार, गंजणार, तुटणार. खारं पाणी कुणाला सोडत नाही. मग दहा वर्षांनी त्यातला एखादा पंप बसला, तर त्याचा भाग कुठून येणार? दोन्ही सोहळ्यांत पुष्कळ भाषणं झाली. हा प्रश्न मात्र कुणी मोठ्याने विचारलेला माझ्या कानावर आला नाही, म्हणून मी विचारतो आहे.

माझं म्हणणं असं आहे की जहाज कुठल्या गोदीत बांधलं यावरून ते आपलं होत नाही. त्याचा झिजलेला भाग कुणाची परवानगी न मागता, कुणाच्या युद्धाची वा निर्बंधांची वाट न बघता आपल्याला बनवता येतो का, यावरून ते आपलं ठरतं. आणि त्यासाठी लागणारं ड्रॉइंग, धातूची माहिती आणि बनवण्याचा हक्क हे सगळं जहाज नवं असतानाच पदरात पाडून घ्यावं लागतं.

या नौकांचं घराणं बघितलं की मी असं का म्हणतो ते कळेल. सोव्हिएत नौदलात १९७०च्या सुमारास ११३५ या प्रकल्पाच्या फ्रिगेट आल्या. पाश्चात्त्य देश त्यांना ‘क्रिवाक’ म्हणत. त्याच वंशातून सेंट पीटर्सबर्गच्या सेव्हर्नोये डिझाइन ब्युरोने आपल्यासाठी नवा आराखडा काढला. १९९७ साली आपण तीन नौका मागवल्या. तलवार, त्रिशूल आणि तबर या सेंट पीटर्सबर्गच्या बाल्टिक गोदीत बांधल्या गेल्या आणि २००३-०४ मध्ये नौदलात आल्या. २००६ साली आणखी तीन मागवल्या. तेग, तरकश आणि त्रिकंड या कालिनिनग्राडच्या यांतर गोदीतून २०१२-१३ मध्ये आल्या. मग ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रिक्स परिषदेच्या वेळी इथेच, दक्षिण गोव्यात, भारत आणि रशियाचे नेते बसले आणि आणखी चार नौकांचं ठरलं. दोन यांतरमध्ये, दोन वास्कोत. यांतरच्या दोघींपैकी तुशिल ९ डिसेंबर २०२४ रोजी नौदलात दाखल झाली, तमाल १ जुलै २०२५ रोजी. वास्कोच्या दोघी पाण्यात उतरल्या आहेत आणि त्यांच्यावर पुढचं काम चालू आहे. म्हणजे एकाच आराखड्याच्या सगळ्या मिळून दहा नौका. हा दहाचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

आता या नौकांच्या काळजाकडे येतो. प्रत्येकीत चार गॅस टर्बाइन असतात. दोन लहान, नेहमीच्या चालीसाठी; दोन मोठे, जोरात धावायचं असेल तेव्हासाठी. गिअरबॉक्समधून त्यांची ताकद दोन शाफ्टांवर जाते. हे टर्बाइन रशियाचे नव्हेत. ते युक्रेनच्या मिकोलाइव्ह शहरातल्या झोर्या-माशप्रोएक्त या कारखान्याचे आहेत. सोव्हिएत काळात कामं अशीच वाटलेली होती. सांगाडा बाल्टिक समुद्राच्या काठी, टर्बाइन काळ्या समुद्राकडे. देश एक होता तोवर कुणाला त्याचं काही वाटलं नाही. १९९१ मध्ये देश फुटला आणि जहाजाचं धड एका देशात नि काळीज दुसऱ्या देशात राहिलं.

२०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि युक्रेनने रशियाला टर्बाइन देणं बंद केलं. रशिया तेव्हा स्वतःच्या काळ्या समुद्रातल्या ताफ्यासाठी याच आराखड्याच्या सहा फ्रिगेट बांधत होता. इंजिनं हाताशी होती तेवढ्या तीनच पुऱ्या झाल्या. उरलेले सांगाडे यांतरच्या गोदीत उभे राहिले. जहाज बांधणारा, क्षेपणास्त्रं बनवणारा, अणुपाणबुड्या बांधणारा एवढा मोठा देश, आणि सांगाडा तयार असून त्यात घालायला इंजिन नाही! त्यातलेच दोन सांगाडे पुढे आपण घेतले. तेच आजचे तुशिल आणि तमाल. आपण युक्रेनकडून टर्बाइन स्वतः विकत घेतले, रशियात पोचवले, आणि एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांची कामगिरी एकाच जहाजात बसली. २०२२ नंतर मिकोलाइव्हवर रशियाचा मारा होत असतानाही हे काम पुरं झालं, ही आपल्या अधिकाऱ्यांची खरोखर मोठी करामत आहे. मी ती कमी लेखत नाही. पण करामतीवर किती दिवस भिस्त ठेवणार? दहा नौकांचे चाळीस टर्बाइन पुढची पंचवीस-तीस वर्षं चालते ठेवायचे आहेत.

टर्बाइनच्या पात्यांवरून तापलेला वायू जातो. हवेतलं मीठ आणि इंधनातलं गंधक मिळून पात्यांचा धातू खातात. ठरलेले तास भरले की टर्बाइन उतरवून, उघडून, दुरुस्त करून परत बसवावा लागतो. त्यासाठी विशाखापट्टणमला नौदलाचं ‘आयएनएस एकशिला’ हे खास केंद्र २००० सालापासून आहे, आणि तिथल्या माणसांच्या हाताला मी मनापासून नमस्कार करतो. पण दुरुस्त करणाऱ्याच्या हातात शेवटी भाग द्यावा लागतो. पातं, सील, बेअरिंग, इंधनाचं नोझल. तो भाग मिकोलाइव्हहून यायचा असेल तर एकशिलातला सर्वात कुशल माणूसही हात बांधून बसणार. झोर्याच्या भारतातल्या कंपनीत पुण्याच्या भारत फोर्ज समूहाने मोठा हिस्सा घेतला, ही मला या सगळ्या हकिकतीतली सर्वात आशेची बातमी वाटते. ती बातमी वर्तमानपत्रांच्या उद्योगाच्या पानावर कुठेतरी आली आणि गेली. तिची चर्चा जलावतरणाइतकी व्हायला हवी होती.

सुट्या भागांवाचून काय होतं हे बघायला गोवेकराला लांब जायला नको. दाबोळीच्या धावपट्टीवर आपण सगळे उतरतो. तिथेच नौदलाची मिग-२९के विमानं असतात. २०१६ मध्ये कॅगने त्यांच्याबद्दल अहवाल दिला. उड्डाणाला तयार असण्याचं प्रमाण १५.९३ ते ३७.६३ टक्के. म्हणजे शंभरातली साठाहून अधिक विमानं कुठल्या ना कुठल्या कारणाने जमिनीवर. ६५ इंजिनांपैकी ४० इंजिनं आराखड्यातल्या दोषांमुळे सेवेतून काढावी लागल्याची नोंद त्याच अहवालात आहे. ही विमानं आपण पैसे मोजून घेतली होती. ती आपल्या धावपट्टीवर होती, आपल्याच वैमानिकांसाठी होती. तरी ती उडणार की नाही हे ठरत होतं हजारो मैलांवरच्या कारखान्यात.

आणखी जुनी एक गोष्ट आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगावच्या खाडीत बेतवा आणि बियास या आपल्या दोन फ्रिगेट पोर्तुगालच्या ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ या युद्धनौकेशी लढल्या. मार खाल्लेली पोर्तुगीज नौका शेवटी किनाऱ्याजवळ वाळूत रुतली. ही कथा गोव्यातल्या पोरासोरांना ठाऊक आहे. या तिन्ही नौका इंग्लंडात बांधलेल्या होत्या हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्या दिवशी गोवा सोडवणाऱ्याकडेही परक्याचं जहाज होतं आणि गोवा धरून बसलेल्याकडेही. आपल्याला स्वातंत्र्य मिळून चौदा वर्षं झाली होती, तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. आज आहे.

तो मार्ग आपणच एकदा चोखाळलेला आहे. माझगाव डॉकने ब्रिटिश लिअँडर आराखड्यावर ‘नीलगिरी’ बांधली, ती १९७२ मध्ये नौदलात आली. पण गोष्ट तिथे थांबली नाही. एकाच वर्गाच्या सहा नौका बांधत जाताना आपल्या माणसांनी ड्रॉइंग नुसती वाचली नाहीत, ती बदलली. शेवटच्या दोन नौकांवर, तारागिरी आणि विंध्यगिरीवर, मोठं सी किंग हेलिकॉप्टर मावावं म्हणून मागचा भाग नव्याने आखला. त्याच अनुभवातून पुढे ‘गोदावरी’ आली, १९८३ मध्ये. पोलादाची गोष्टही तशीच. युद्धनौकांसाठी लागणारं खास पोलाद रशियाकडून मिळेना, तेव्हा हैदराबादच्या डीएमआरएल या प्रयोगशाळेने आणि सेल कंपनीने मिळून डीएमआर २४९ए हे पोलाद काढलं. आजची ‘विक्रांत’ त्याच पोलादाची आहे. वेळ लागला, पण ज्या दिवशी ते पोलाद आपल्या भट्टीतून निघालं त्या दिवशी त्यावरून अडवणूक होण्याची भीती कायमची संपली.

तमाल नौदलात आली तेव्हा सांगितलं गेलं की परदेशात बांधलेली ही शेवटची युद्धनौका, यापुढच्या सगळ्या इथेच बांधल्या जातील. ते वाचून मला फार आनंद झाला. त्याच वेळी हेही जाहीर झालं की तमालमध्ये देशी भागांचा वाटा २६ टक्के आहे. आधीच्या नौकांच्या मानाने ही मोठी वाढ आहे हे खरं. पण उरलेले ७४ टक्के आजही बाहेरचे आहेत, आणि ते ७४ टक्के पुढची तीस वर्षं आपल्याकडे काही ना काही मागत राहणार. वास्कोच्या नौकांत देशी वाटा याहून मोठा ठेवण्याचा प्रयत्न आहे. तो मोजतात कसा, हे मला विचारायचं आहे. पंप भारतीय कंपनीने पुरवला म्हणजे तो भारतीय झाला का? त्याच्या आतला सील कुठला, त्याचं ड्रॉइंग कुणाच्या कपाटात?

इथे एक बारकावा सांगतो, कारण वर्कशॉपबाहेरच्या माणसाला तो सहसा माहीत नसतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवा शिपयार्ड आणि रशियाची शस्त्रनिर्यात कंपनी रोसोबोरोनएक्स्पोर्ट यांच्यात सुमारे ५० कोटी डॉलरचा करार झाला. त्यात साहित्य आणि तंत्रज्ञान देण्याची बोली होती. ‘तंत्रज्ञान हस्तांतरण’ हा शब्द भारदस्त आहे. पण जहाजाच्या बाबतीत ड्रॉइंग दोन तऱ्हेचं असतं. एका ड्रॉइंगवरून सांगाडा कसा जोडायचा, पंप कुठे बसवायचा, पाइप कुठून न्यायचा हे कळतं. दुसरं ड्रॉइंग त्या पंपाच्या पोटातलं असतं. त्याचा शाफ्ट किती मिलिमीटरचा, किती सैल चालेल, धातू कुठला, कडकपणा किती, वर लेप कसला. पहिलं ड्रॉइंग गोदीकडे येतं. दुसरं बहुतेक वेळा पंप बनवणाऱ्याकडेच राहतं. जहाज बांधायला पहिलं पुरतं. जहाज तीस वर्षं चालवायला दुसरं लागतं. म्हणून करारात तंत्रज्ञान किती आलं यापेक्षा दुसऱ्या तऱ्हेची ड्रॉइंग किती आली, हा प्रश्न खासदारांनी संसदेत विचारावा असं मला वाटतं. गोपनीय आकडे नकोत. पंप, व्हॉल्व्ह, पंखे, झडपा, वातानुकूलनाची यंत्रं यांत कसलं गुपित? नुसतं शेकडा प्रमाण सांगा.

वडील अक्षरशत्रू नव्हते, पण चौथीनंतर शाळेत गेले नाहीत. त्यांच्याकडे एक वही होती. खाणींचा जोर होता तेव्हा झुआरी-मांडवीतून शेकडो बार्ज लोहखनिज घेऊन मुरगावला यायच्या. कित्येकींत बाहेरून आलेली जुनी इंजिनं होती, ज्यांचे कारखाने कधीच बंद पडले होते. नवा भाग पेटीतून निघाला की बसवायच्या आधी वडील तो पुसून घेत, व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावत आणि वहीत त्याची आकृती काढून मापं लिहीत. मी दहा-बारा वर्षांचा होतो. विचारलं, “बाबा, भाग तर नवा आहे, आत्ताच कशाला मोजायचा?” ते म्हणाले, “अरे, झिजल्यावर मोजलास तर झीजच मोजशील.”

या वाक्याची किंमत मला चाळिशीनंतर कळली. एका सरकारी कार्यालयाने गस्ती बोटीसाठी गनमेटलचे सहा बुश, म्हणजे ज्यांत शाफ्ट फिरतो त्या नळ्या, मागवले होते. मी निविदा भरली, काम मिळालं. ड्रॉइंग मागितलं तर एक जुना बुश हातात ठेवला: “हा नमुना, असाच करा.” बुश आतून एका अंगाला अर्धा मिलिमीटर खाल्लेला. मूळ भोक किती होतं? तेलासाठी फट किती ठेवली होती? बाहेरून तो दाबून बसवायचा की सैल? काहीच लिहिलेलं नव्हतं. मी अंदाज केला, शाफ्टचं माप घ्यायला बोटीवर जाऊ द्या म्हणालो, तर परवानगीला दोन महिने लागले. धातूच्या तपासणीचा दाखला पाहिजे होता. तपासणी पणजीला होईना, नमुना पुण्याला पाठवला. सहा बुशांच्या धातूला जेवढे पैसे पडले त्याहून जास्त दाखल्याला. काम चोख झालं, तपासनिसाने शाबासकी दिली. पैसे अकराव्या महिन्यात आले. छोट्या उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा २००६ पासून आहे. पुढच्या खेपेला मी निविदा भरली नाही. माझ्या ओळखीतल्या चार-पाच मेस्तांची (कारागिरांची) हकिकत थोड्याफार फरकाने हीच आहे. आम्हाला देशासाठी काम करायचं नाही असं नाही. पण वर्षभर पैसे अडकले तर शनिवारचा पगार द्यायचा कुठून?

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मी हलका मानत नाही. युद्धनौकेवर दोनअडीचशे माणसं असतात. वेर्ण्याच्या शेडमध्ये बनवलेल्या व्हॉल्व्हच्या भरवशावर त्यांचा जीव कसा टांगायचा? बरोबर आहे. आग विझवण्याच्या पाइपावरचा व्हॉल्व्ह ऐन वेळी फिरला नाही तर काय होतं हे मी कल्पनेनेही बघू शकत नाही. म्हणूनच सगळं एका मापाने मोजू नका असं मी म्हणतो. टर्बाइनचं पातं, क्षेपणास्त्राचा डोळा, पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या ‘सोनार’ यंत्रणेचे भाग ही आमची कामं नव्हेत. ती मोठ्या कारखान्यांनी आणि प्रयोगशाळांनी करावी, आणि त्यात पाच-दहा वर्षं लागणार हे धरून चालावं. दुसरा थर पंप, मोटर, कॉम्प्रेसर यांचा. ते पुणे, कोल्हापूर, कोइमतूरचे कारखाने आजच करू शकतात. तिसरा थर बुश, फ्लँज, स्पिंडल, ब्रॅकेट, गॅस्केट, पाइपाचे जोड यांचा. संख्येने हाच थर सर्वात मोठा, किमतीने सर्वात छोटा, आणि जहाज धक्क्याला अडकून पडतं ते पुष्कळदा यातल्याच एखाद्या भागापायी. बार्जच्या धंद्यात आम्ही हेच बघितलं. इंजिन धडधाकट आणि तीनशे रुपयांच्या सीलसाठी बार्ज आठवडाभर नांगरलेली. मग शेजारच्या बार्जचा सील काढायचा, या बार्जला लावायचा. आता दुसरी बंद. मोठ्या ताफ्यांतही असंच चालतं. तिथे त्याला कॅनिबलायझेशन म्हणतात.

साठा करून ठेवा, एकदाच दहा वर्षांचे भाग मागवा, असंही सुचवलं जातं. लोखंडाच्या भागांचं ठीक. रबराला वय असतं. पेटीत ठेवलेली ओ-रिंगही म्हातारी होते, कडक पडते, तडकते. शिवाय दहा वर्षांत कुठला भाग किती लागेल याचा अंदाज पहिल्या दिवशी कोण करणार? ज्याची भीती होती तो भाग वीस वर्षं टिकतो आणि ज्याची यादीत नोंदही नव्हती तो दर पावसाळ्यात जातो.

मापाची भाषा वेगळी असते ही अडचणही खरी, पण ती सुटण्यासारखी आहे. रशियन ड्रॉइंगवर धातू ‘१२-ख-१८-न-१०-ट’ असा लिहिलेला असतो. बघून घाबरायला होतं. पण ‘ख’ म्हणजे त्यांचा ख्रोम, अठरा टक्के, ‘न’ निकेल, दहा टक्के, ‘ट’ टायटॅनियम. म्हणजे आपल्याकडे ३२१ म्हणून मिळणारं स्टेनलेसच जवळपास. ही सगळी समीकरणं एकदा नीट मांडून, तपासून, नौदलाच्या शिक्क्यानिशी छापली तर देशातल्या कुठल्याही वर्कशॉपला उपयोगी पडतील. आज प्रत्येकजण आपापल्या परीने शोधतो आणि आपापल्या परीने चुकतो.

आता तो दहाचा आकडा. एका जहाजाला वर्षाला दोन बुश लागत असतील तर दोन बुशांसाठी कुणी साचा करणार नाही, तपासणीचा खर्च सोसणार नाही. पण नौका दहा आहेत. दहांची पाच वर्षांची गरज एकत्र केली की शंभर बुश होतात. शंभर बुशांचा धंदा होतो. एकाच आराखड्याच्या दहा नौका ही इतक्या वर्षांत आपोआप हाताला लागलेली दौलत आहे. ती वापरायची तर खरेदी जहाजागणिक आणि दुरुस्तीगणिक न करता वर्गासाठी करावी लागेल. एखाद्या वर्कशॉपला एकदा पारखून घ्या, कडक परीक्षा घ्या, नापास करायचं तर करा. पण पास झालेल्याला पाच वर्षांचं काम द्या. आज दर खेपेला सर्वात कमी भाव भरणाऱ्याकडे काम जातं. गेल्या खेपेला ज्याने शिकून, नुकसान सोसून चांगला भाग केला, तो या खेपेला चाळीस रुपयांनी हरतो. नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून चुकायला सुरुवात करतो. नौदलाने आणि संरक्षण खात्याने देशी भागांसाठी पुष्कळ काही सुरू केलं आहे. २०२० मध्ये ‘सृजन’ नावाचं संकेतस्थळ आलं, जिथे आयात होणारे भाग दाखवून ‘हे कोण बनवील?’ असं विचारलं जातं. विचार अगदी योग्य आहे. पण तिथेही शेवटी गाडी ड्रॉइंगपाशीच येऊन थांबते.

गोव्याच्या सरकारलाही यात करण्यासारखं आहे, आणि ते फार महागडं नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. बार्ज कापल्या गेल्या, झुआरीकाठची वर्कशॉपं मिटली. जी माणसं डोळ्यांनी शाफ्टचा वाक सांगायची ती आता रिक्षा चालवतात किंवा मुलाच्या मागे पोर्तुगालच्या पासपोर्टावर इंग्लंडात गेली. उरलेल्यांची वयं साठीच्या पुढची आहेत. वेर्ण्याला सगळ्यांना भाड्याने वापरता येईल अशी एक मोजमापाची आणि धातुपरीक्षेची प्रयोगशाळा उभारा. आयटीआयच्या मुलांना या म्हाताऱ्या मेस्तांच्या हाताखाली सहा महिने बसवा, दोघांनाही पैसे द्या. उत्तरेला मुंबईची नौदल गोदी, दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर कारवारचा मोठा तळ, मध्ये आपण. जहाजं इथूनच येणार-जाणार आहेत.

वास्कोच्या गोदीला एक कडू अनुभव आहे, तोही सांगितला पाहिजे. कोरियन कंपनीच्या मदतीने इथे बारा सुरुंगशोधक नौका बांधायच्या होत्या. वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या आणि २०१८ मध्ये तो बेत रद्द झाला. २०१९ मध्ये नौदलातली शेवटची जुनी सुरुंगशोधक नौकाही निवृत्त झाली, आणि तेव्हापासून त्या कामाची नौका आपल्याकडे नाही. अडला होता तो बराचसा किंमत आणि तंत्रज्ञान किती द्यायचं यावरच. तेव्हा ड्रॉइंगसाठी भांडणं ही काही नसती उठाठेव नाही. त्यावर अख्खे ताफे उभे राहतात किंवा राहत नाहीत.

हे लिहितो आहे तेव्हा त्रिपुट आणि तवस्यवर यंत्रं बसवण्याचं, तपासण्याचं काम चालू आहे. म्हणजे आज त्या जहाजांतला प्रत्येक भाग नवा आहे. कोऱ्या शाफ्टचं कोरं माप आहे, फट जेवढी ठेवली तेवढीच आहे. जिथे मूळ कारखान्याचं ड्रॉइंग मिळालेलं नाही आणि करार आड येत नाही, तिथे पंप बसवण्याआधी उघडावा, प्रत्येक तुकडा मोजावा, धातूची चिमूट तपासावी आणि लिहून ठेवावं. सागरी चाचण्या झाल्या, खारं पाणी आत शिरलं, की ही संधी त्या दोन जहाजांपुरती संपली. मोजायला माणसं कमी पडत असतील तर वेर्णा, कुठ्ठाळी, सडा इथली आम्ही दहा-पंधरा माणसं येऊ. ओळखपत्रं तपासा, फोन बाहेर ठेवून घ्या. व्हर्नियर आमचे आम्ही आणू.